खिचडी ताटात पडते, पण पोटात जाते का?

दिव्यांग मुलाच्या शाळेतल्या जेवणाविषयी

लेकरू शाळेतून आलं की दप्तर बाजूला ठेवून आधी डबा उघडून पाहायचा, ही सवय वस्तीतल्या बहुतेक आयांना असते. बोलतं मूल असेल तर ते स्वतःच सांगतं, आज खिचडी तिखट होती, आज केळं मिळालं. पण ज्याला नीट बोलता येत नाही, नीट गिळता येत नाही, किंवा ज्याला गोंगाटात घास घेताच येत नाही, त्या मुलाच्या बाबतीत काय ते डब्यावरूनच ओळखावं लागतं. डबा भरलेला परत आला, तर मूल सकाळपासून उपाशी आहे एवढं कळतं. का उपाशी राहिलं, ते कळत नाही.

आम्ही वस्त्यांमध्ये आरोग्याच्या बैठका घेतो, तेव्हा दिव्यांग मुलांच्या आया हमखास विचारतात, "सिस्टर, याला काय खायला देऊ म्हणजे अंग धरेल?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा आहे. शाळेत जाणाऱ्या अशा मुलाला काय द्यायचं, याच्या इतकंच महत्त्वाचं असतं ते कसं द्यायचं, कोणी द्यायचं आणि त्याला किती वेळ द्यायचा. घरात या चारही गोष्टी आईच्या हाताला ठाऊक असतात. शाळेला त्या कोणी सांगितलेल्याच नसतात. म्हणून या वेळी आपण त्या एका कागदावर कशा उतरवायच्या आणि तो कागद शाळेत कसा चालवायचा, ते पाहू.

आधी हक्क समजून घेऊ

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ मध्ये झाला. त्यानुसार सरकारी, महापालिका-जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंतच्या मुलांना सुट्टीचे दिवस सोडून रोज दुपारचं शिजवलेलं जेवण मोफत मिळालं पाहिजे. पहिली ते पाचवीच्या मुलाच्या ताटात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या मुलाच्या ताटात ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं, असं प्रमाण ठरलेलं आहे. लहान मुलासाठी १०० ग्रॅम तांदूळ किंवा इतर धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल असा त्याचा हिशोब आहे. दिव्यांग मूल यातून वगळावं, असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही.

दुसरा कायदा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा, २०१६ चा. त्यात २१ प्रकारची दिव्यांगता मानली आहे. मेंदूचा पक्षाघात, म्हणजे आपण ज्याला सीपी म्हणतो ते, स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमता त्यात आहेतच. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलियाही आहेत. या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे सरकारी आणि मान्यताप्राप्त शाळांनी त्या-त्या मुलाच्या गरजेनुसार सोय करून द्यायची आहे. वाटीभर खिचडी मिरची घालण्याआधी बाजूला काढणं, ती पळीने घोटून देणं, मुलाला जेवायला दहा मिनिटं आधी बसवणं, या सगळ्या अशाच सोयी आहेत. त्या मागताना आईने मान खाली घालायचं कारण नाही.

जेवण गळ्याखाली का उतरत नाही

सीपी असलेल्या मुलाचा मेंदू हातापायांच्या स्नायूंना जसा नीट हुकूम देऊ शकत नाही, तसाच जीभ, ओठ आणि घशालाही देऊ शकत नाही. घास तोंडात फिरवणं, मागे ढकलणं आणि त्याच क्षणी श्वासाची वाट बंद करणं, हे आपण नकळत करतो. या मुलाला त्यासाठी कष्ट पडतात. वाट वेळेवर बंद झाली नाही, तर अन्न किंवा पाणी श्वासनळीत उतरतं. ते दर वेळी ठसक्यानेच कळतं असं नाही. काही मुलांना ठसका येतच नाही. जेवताना डोळ्यांत पाणी येणं, जेवणानंतर आवाज घोगरा किंवा पाणी भरल्यासारखा होणं, छातीत घरघर, वारंवार ताप आणि न्यूमोनिया, ही त्याची लक्षणं आहेत. वर्षातून दोन-तीनदा छातीत कफ भरून दवाखान्यात जावं लागत असेल, तर हवामानाला दोष देऊन थांबू नका. मूल गिळतं कसं, ते तपासून घ्या.

शाळेत यात भर पडते ती बसण्याच्या पद्धतीची. मुलं जमिनीवर मांडी घालून पंगतीत बसतात. सीपीचं मूल तसं बसलं की एका बाजूला कलंडतं किंवा मागे रेलतं. बाई उभ्या राहून वरून घास देतात, मूल मान वर करून घास घेतं. मान मागे गेली की श्वासनळीची वाट उघडी पडते. घास चुकीच्या वाटेने जायला एवढं पुरतं.

बसवायचं कसं, भरवायचं कसं

मूल ताठ बसलेलं हवं. कंबर आणि गुडघे काटकोनात, पाय लोंबकळणारे नकोत. खाली पाट किंवा वीट ठेवून टेकवलेले हवेत. डोकं मधोमध, हनुवटी किंचित खाली. सीपीच्या मुलांसाठी खास खुर्ची मिळते. समग्र शिक्षाच्या आणि अलिम्कोच्या साहित्य वाटप शिबिरांत ती मागा. ती मिळेपर्यंत हातांची लाकडी खुर्ची, दोन्ही बाजूंना घडी केलेली चादर आणि समोर छोटं टेबल, एवढ्यावर काम भागतं.

भरवणाऱ्याने मुलाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावं. चमचा लहान आणि उथळ घ्यावा, तो समोरून, हनुवटीच्या उंचीवरून आणावा. अर्धा चमचाच भरावा. पहिला घास गिळून झाला हे दिसल्याशिवाय दुसरा देऊ नये. तोंडात घास असताना मुलाला हसवू नये, बोलायला लावू नये. रडणाऱ्या किंवा पेंगुळलेल्या मुलाला भरवू नये. जेवण झाल्यावर अर्धा तास तरी मूल बसलेलंच ठेवावं. लगेच आडवं केलं की खाल्लेलं वर येतं.

खिचडीचा पातळपणाही पाहावा लागतो. सुटं पाणी आणि त्यात तरंगणारी शितं, अशी खिचडी या मुलांना सर्वांत अवघड. पाणी घशात आधी पळतं आणि शित मागे राहतं. खिचडी, वरण-भात किंवा उसळ पळीने घोटून एकजीव करावी. ती चमच्यावर आकार धरून राहिली पाहिजे आणि चमचा कलता केला की सरकून पडली पाहिजे. ओघळली तर फार पातळ, चिकटून राहिली तर फार घट्ट. ही परीक्षा स्वयंपाकाच्या ताईंना एकदा करून दाखवली की पुन्हा सांगावी लागत नाही.

गिळायला त्रास असलेल्या मुलाला शाळेत शेंगदाणे, फुटाणे, चिक्की, कोरडे मुरमुरे, चुरमुऱ्याचा लाडू, कडक बिस्किटाचा तुकडा, अख्खं द्राक्ष देऊ नये. वाढदिवसाची गोळी-चॉकलेट वाटताना हेच होतं. बाईंना आधी सांगून ठेवा. जंताची किंवा लोहाची गोळी शाळेत देतात तीही अख्खी देऊ नये. जंताची गोळी चुरून घोटलेल्या जेवणात द्यावी, लोहाच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारावं.

घास अडकलाच तर

मूल जोराने खोकत असेल, तर खोकू द्या, पुढे वाकवा, पाणी पाजू नका. आवाजच निघत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर मुलाला पुढे वाकवून पाठीवर दोन्ही खवाट्यांच्या मधे तळहाताच्या खालच्या भागाने जोरात पाच वेळा मारा. तेवढ्याने निघालं नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या खाली मूठ ठेवून आत आणि वर, असा पाच वेळा दाब द्या. पुन्हा पाच, पुन्हा पाच. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका. घास आणखी खोल जातो. लगेच दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. मूल बेशुद्ध झालं तर जमिनीवर उताणं झोपवून छाती दाबायला सुरुवात करा. एक वर्षाखालच्या बाळासाठी पोटावर दाब देण्याची ही पद्धत नाही. शाळेतल्या मुलांसाठी आहे. शाळेतल्या शिक्षकांना आणि स्वयंपाकी ताईंना हे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सिस्टरकडून करून दाखवायला सांगा. वाचून हात वळत नाही.

थोडं खातो, तेवढ्यात ताकद कशी घालायची

सीपीच्या मुलाला एक वाटी संपवायला पाऊण तासही लागतो. मधली सुट्टी संपते, ताट अर्धं राहतं. एका जेवणाला रोज अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर ते मूल जेवता-जेवता दमतं आहे, हे डॉक्टरांना सांगण्यासारखं लक्षण आहे. अशा मुलाला जास्त खाऊ घालण्याचा हट्ट सोडा, थोड्यात जास्त घाला. घोटलेल्या खिचडीत एक चमचा तेल किंवा तूप घातलं की साधारण ४५ कॅलरी वाढतात. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात. उकडलेलं अंडं कुस्करून वरणात मिसळता येतं. शेंगदाण्याचा कूट अगदी बारीक, पिठासारखा करून मिसळावा, भरड नको. डबीत घरून तेल-तूप आणि कूट पाठवायला खर्च फार नाही, आणि शाळेच्या ताटातच ताकद वाढते.

एकदम मोठं जेवण देण्यापेक्षा दोन छोटी द्या. सकाळी अकराच्या सुमारास पिकलेलं केळं कुस्करून, किंवा सातूचं पीठ. सातूच्या पिठातलं धान्य आधीच भाजलेलं असतं, त्यामुळे शाळेत गूळ आणि उकळून कोमट केलेलं पाणी घालून ते जागच्या जागी कालवता येतं. सकाळी सहाला कालवलेला दूध-भात दुपारी एकला देऊ नका. ओलं, मऊ अन्न उन्हाळ्यात दोन तासांतही बिघडतं, आणि जुलाब लागले की महिन्याभराचं कमावलेलं वजन चार दिवसांत जातं.

वजन दर महिन्याला एका ठरलेल्या तारखेला अंगणवाडीच्या काट्यावर करा आणि वहीत लिहा. उभं राहता येत नसेल, तर आईने मुलाला घेऊन वजन करावं आणि त्यातून आईचं वजा करावं. तीन महिने काटा हलला नाही, किंवा वजन उतरलं, तर थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा तपासणीला येतं. त्यांच्याकडून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी चिठ्ठी घ्या. तिथे बालरोगतज्ज्ञ आणि व्यायामोपचार करणारे असतात. बोलण्या-गिळण्याचे उपचार करणारेही असायला हवेत. "हा गिळतो कसा ते पाहा," असं स्पष्ट सांगा.

पाणी तोडू नका

पुष्कळ आया मुलाला शाळेत जायच्या आधी पाणी देत नाहीत, बाटलीही पाठवत नाहीत. कारण शाळेचं संडास-मुतारी त्याला वापरता येत नाही आणि कपडे बदलायला कोणी नसतं. आईची अडचण आम्हाला कळते. पण पाणी तोडलं की शौचाला खडा होतो, पोट फुगतं, भूक मरते, लघवीची जळजळ सुरू होते. मूल जेवत नाही त्याचं खरं कारण अनेकदा तीन दिवस शौच न झालेलं पोट असतं. साधं पाणी पिताना ठसका लागत असेल, तर उपचार करणाऱ्यांना विचारून ते घट्ट करून द्यावं, चमच्याने द्यावं. पण द्यावं. आणि बसता येईल असं, धरायला दांडी असलेलं संडास शाळेत व्हावं म्हणून अर्ज करा. जेवणाच्या प्रश्नाचा तोही भाग आहे.

सिकलसेल असलेल्या मुलाच्या बाबतीत तर पाण्यावर सगळं अवलंबून असतं. विदर्भात आदिवासी समाजाबरोबर आपल्या समाजातही हा आजार बराच आहे. पाणी कमी पडलं की रक्तपेशी अडकतात आणि असह्य दुखणं सुरू होतं. या मुलाला तासागणिक पाणी प्यायची आणि लघवीला जायची मोकळीक वर्गात मिळालीच पाहिजे. शाळेत आठवड्याला देतात ती लोहाची गोळी सिकलसेल किंवा थॅलेसेमियाच्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, हेही शाळेला लिहून द्या.

स्वमग्न मूल आणि पंगत

स्वमग्न मुलाचा घसा ठीक असतो, तरी ते जेवत नाही. त्याला चवीपेक्षा स्पर्श, वास, रंग आणि आवाज जास्त बोचतात. खिचडीत वाटाणा लागला की ते ताट सारतं. दीडशे मुलांचा कालवा, थाळ्यांचा खणखणाट यानेच त्याचं पोट आवळतं. बाई म्हणतात हट्टी आहे, शेजारीण म्हणते लाडावलंय. कोणी जबरदस्तीने तोंडात कोंबलं, तर त्या पदार्थाशी त्याचं वैर कायमचं होतं.

अशा मुलाला पंगतीच्या कडेला, भिंतीजवळ, रोज एकाच जागी बसवावं. घरची ओळखीची थाळी-वाटी द्यावी. भात आणि वरण वेगवेगळं वाढावं, कालवू नये. त्याला आवडणारा एक पदार्थ रोज असावा आणि शेजारी नव्या पदार्थाचा एक लहानसा भाग. पहिले काही दिवस तो नुसता पाहील, मग हात लावेल, मग वास घेईल. दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर कधीतरी तोंडात जाईल. दोन-चारच पदार्थांवर राहणाऱ्या मुलाचं रक्त तपासून घ्या. माती, चुना, खडू खात असेल, तर हमखास तपासा.

गहू आणि दूध बंद केलं की स्वमग्नता बरी होते, असं सांगून महागड्या पावडरी विकणारे वस्तीतही पोहोचले आहेत. याला भक्कम पुरावा नाही. तपासणीत गव्हाचा त्रास सिद्ध झालेला नसताना मुलाची चपाती तोडू नका, आणि त्या पावडरीसाठी बचत गटाचं कर्ज तर मुळीच काढू नका.

डाऊन सिंड्रोम आणि फिट

डाऊन सिंड्रोमच्या मुलाचं उलटं असतं. ते भरभर, न चावता खातं, सगळ्यांचं लाडकं असतं आणि प्रत्येकजण हातावर गोळी-बिस्किट ठेवतो. त्याचं वजन लवकर वाढतं. थायरॉइडचा त्रासही या मुलांना जास्त होतो, म्हणून वर्षातून एकदा तपासणी करावी. शाळेला एवढंच सांगायचं: घास लहान, चावायला वेळ, दुसरी वाढ भाजी-वरणाची, आणि खाऊ कोणी परस्पर देऊ नये.

फिट येणाऱ्या मुलाने उपाशी शाळेत जाऊ नये आणि गोळीची वेळ चुकवू नये. फिट आली की तोंडात चमचा, पाणी, काहीही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. मुलाला कुशीवर वळवावं, घड्याळ पाहावं, पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर १०८ बोलवावी. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत खायला-प्यायला देऊ नये.

जेवणाचा कागद

आता मुख्य काम. वहीचं एक पान घ्या आणि एका मुलासाठी असं लिहा. हा नमुना सीपी असलेल्या, दुसरीतल्या मुलाचा आहे.

नाव, इयत्ता, आईचा आणि वडिलांचा फोन.
काय: शाळेचं रोजचं जेवण, तिखट न घालता, पळीने घोटून. घरून आलेल्या डबीतलं एक चमचा तूप आणि दोन चमचे बारीक कूट मिसळून.
कसं: खुर्चीत ताठ बसवून, पाय पाटावर टेकवून, समोर बसून, लहान चमच्याने. जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवणे.
पाणी: चमच्याने, जेवणाआधी आणि दर तासाला थोडं.
कोणी: वर्गशिक्षिका, त्या रजेवर असतील तेव्हा कोण, त्यांचं नाव.
वेळ: अकराला केळं किंवा सातूचं पीठ, दुपारचं जेवण सुट्टीच्या दहा मिनिटं आधी सुरू.
देऊ नये: शेंगदाणे, फुटाणे, चिक्की, मुरमुरे, गोळी-चॉकलेट, अख्खी औषधाची गोळी.
थांबावं कधी: ठसका, ओठ निळे, आवाज घोगरा, फार दमणं. अडकलं तर पाठीवर पाच थापा, पोटावर पाच दाब, १०८.
खाली आई-वडिलांची सही आणि जमल्यास डॉक्टरांची सही-शिक्का.

याच्या तीन प्रती काढा. एक मुख्याध्यापकांना अर्जासोबत द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. दुसरी वर्गशिक्षिकेला, तिसरी स्वयंपाकाच्या ताईंना. वर्गाच्या भिंतीवर मात्र तो कागद लावू नका. मुलाचा आजार वर्गभर वाचून दाखवायची वस्तू नाही. दर जूनमध्ये, आणि मूल मोठ्या आजारातून उठलं की, कागद नव्याने लिहा. सोबत एक छोटी वही ठेवा. शिक्षिकेने रोज एवढंच लिहायचं: पूर्ण, अर्धं, काही नाही. संध्याकाळी भरलेल्या डब्याकडे पाहून अंदाज बांधायची वेळ मग येत नाही.

जेवण जिथे शाळेत न शिजता बाहेरच्या स्वयंपाकघरातून येतं, तिथे तिखट आधी वेगळं काढता येत नाही. अशा ठिकाणी साधा भात आणि वरण घरून डब्यात द्या, किंवा आलेल्या खिचडीत शाळेतच दही घालून घोटा. भाकरी-चपाती असेल, तर ती गरम वरणात चांगली भिजवून कुस्करल्याशिवाय देऊ नका.

भरवायचं कोणी

"रोज दुपारी तुम्हीच येऊन भरवा," असं शाळा म्हणते, आणि आई कामाची घरं सोडते. आमच्या माहितीतल्या एका बाईची धुण्याभांड्याची दोन घरं अशीच सुटली. नंतर तिने कागद लिहून दिला, चार दिवस शाळेत थांबून वर्गशिक्षिकेला आणि स्वयंपाकाच्या ताईंना भरवून दाखवलं. पाचव्या दिवशी ती दारातून पाहत राहिली, सातव्या दिवशी गेलीच नाही. एक घर तिला परत मिळालं, दुसरं गेलं ते गेलं. आईने शिकवायला जावं, ते चार दिवसांसाठी. कायमची नेमणूक आईची नाही. गट साधन केंद्रातले विशेष शिक्षक अशा मुलांसाठीच असतात. त्यांना शाळेत येऊन शिकवायला सांगा, आणि समग्र शिक्षामधून मदतनीस भत्ता व प्रवास भत्ता मिळतो का, ते त्यांनाच विचारा. गिळायचा त्रास असलेल्या मुलाला भरवायचं काम वर्गातल्या दुसऱ्या मुलावर सोपवू नये. मैत्री शेजारी बसून जेवण्याची असावी.

शेजारी बसण्याचा मुद्दा आम्हाला मुद्दाम मांडायचा आहे. लाळ गळते, सांडतो, म्हणून मुलाला व्हरांड्यात किंवा सगळे जेवून गेल्यावर एकटं बसवतात. बाबासाहेबांना शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागलं होतं आणि पाण्याच्या नळाला हात लावता येत नव्हता, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. तेव्हा वेगळं बसवल्याने काय होतं, हे आपल्याला दुसऱ्या कोणी समजावून सांगायची गरज नाही. मुलाची खुर्ची पंगतीतच लागली पाहिजे. स्वमग्न मूल भिंतीजवळ बसेल, पण तेही सगळ्यांच्या सोबत. आणि आपल्या घरात, आपल्या कार्यक्रमात भोजनदानाच्या वेळी हेच मूल कुठे बसतं, तेही पाहायला हवं.

शाळेने नाही म्हटलं तर

तोंडी भांडू नका, लेखी मागा. मुख्याध्यापकांच्या अर्जाची पोच पंधरा दिवस जपा. उत्तर आलं नाही, तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शालेय पोषण आहारावर लक्ष ठेवणं तिचं काम आहे. वस्तीतला एक तरी दिव्यांग मुलाचा पालक त्या समितीत गेला पाहिजे. त्यापुढे गटशिक्षणाधिकारी, महापालिकेत शिक्षण विभाग, आणि तिथेही दाद लागली नाही तर पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त. अर्जाला दिव्यांग प्रमाणपत्राची किंवा युडीआयडी कार्डाची प्रत जोडा. कार्ड अजून काढलं नसेल, तर त्यासाठी थांबू नका. अर्ज डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही करता येतो. सीपी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांगता असलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना आहे, एक लाख रुपयांपर्यंतची. व्यायामोपचार आणि दवाखान्याच्या फेऱ्यांचा खर्च तिच्यातून निघू शकतो. तीही काढून ठेवा.

ज्या महिला मंडळाची रविवारी विहारात बैठक होते, तिने एका रविवारी एवढंच करावं. आपल्या वस्तीत शाळेत जाणारी आणि शाळा सोडलेली दिव्यांग मुलं किती, त्यांची यादी करावी. लिहिता येणाऱ्या मुलींना बसवून प्रत्येक आईकडून तिच्या मुलाच्या जेवणाचा कागद उतरवून घ्यावा. सोमवारी एकट्या आईला न पाठवता दोघी-तिघींनी तिच्याबरोबर शाळेत जावं. स्वयंपाकाच्या ताई बहुतेक वेळा आपल्याच आसपासच्या वस्तीतल्या असतात. त्यांच्याशी आधी बोलावं, निम्मं काम तिथेच होतं. महिन्याने वही आणि वजन घेऊन पुन्हा बसावं आणि कोणाचा काटा हलला, कोणाचा नाही, ते पाहावं.